एकतीस हजार चारशे सात

३ डिसेंबर

दादाची मोटरसायकल धुतली. एकटीने! बोटं अजून बधिर आहेत, अक्षर तिरकं येतंय.

दादा काल संध्याकाळच्या बसने गेला. बाबांसमोर अवाक्षर काढलं नाही. जिन्याखाली मात्र मला थांबवून म्हणाला, "गाडी नेली तर म्हणतील, वस्तू घेऊन पळाला. मी येईन न्यायला. तोवर गंजू देऊ नकोस, चिमणे." किल्ली तिच्या जागीच, घड्याळामागच्या खिळ्याला.

रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकायला लागलेत. चाकांत, चेनवर, इंजिनाच्या फटींत, सगळीकडे पांढरा थर. आधी साधं पाणी, मग साबणाचं, मग पुन्हा साधं. मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानातली जुनी मऊ फडकी आणली होती (मालकांना विचारून). चाकाच्या तारा एकेक करून पुसल्या. पुढच्या छत्तीस, मागच्या छत्तीस.

मीटर: ३१,४०७. दादाला दर महिन्याला आकडा हवाय. कुणी हलवली नाही एवढं त्याला कळलं की पुरे.

४ डिसेंबर

झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर मी मनातल्या मनात ते बदलत बसेन.

बाबांनी एकतीस वर्षं लोखंडी पूल खरवडला आणि रंगवला. निवृत्त होताना शब्द टाकून दादाला त्याच टोळीत लावलं. तिसऱ्या महिन्यात दादा भर दुपारी खाली उतरला, तो परत चढलाच नाही. मुकादमाने येऊन बाबांना सांगितलं. चार लोकांदेखत! बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "पुलावरून उतरलास ना? आता या घराच्याही पायऱ्या उतर." आणि गाडीबद्दल, "थंडी संपेस्तोवर राहू दे. मग भंगारात."

आई रिकाम्या पातेल्यात पळी फिरवत होती.

बाबांना वाटतं पोरगा कामचोर. तसं नाही. दादा गच्चीच्या कठड्याजवळसुद्धा जात नाही, लहानपणापासून. नोकरी लावायच्या आधी बाबांनी मला विचारलंही होतं, "याला उंचीचं भय नाही ना?" दादा त्यांच्या पाठीमागून माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "नाही."

ते खोटं माझं. शाळेत नाव घातलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. तोवर जे शिकले ते बाबांकडे, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. पाटी म्हणजे पत्र्याचा तुकडा, पहिलं अक्षर तांबड्या प्रायमरने गिरवलं. आणि पहिला धडा, "आधी खरवडायचं, मग रंगवायचं. गंजावरून रंग मारतो तो चोर."

बसस्टँडच्या पाटीवर दादाचं नवं गाव आहे. १०८ किलोमीटर. तिथे तो बेकरीत भट्टीवर लागलाय. तळमजल्यावर!

८ डिसेंबर

चेनला तेल. क्रोमवर व्हॅसलीनचा पातळ हात. डब्यातून पेट्रोल आणून टाकी गळ्यापर्यंत भरली, रिकामी राहिली तर आतून गंजते म्हणतात. चाकांखाली फळ्या, सायलेन्सरखाली पुठ्ठा. वरून प्लास्टिकचा जाड कागद आणि दोरीच्या सात गाठी.

आई म्हणाली, "एवढं गुंडाळून तर मी तुला तान्हेपणीही निजवलं नव्हतं!"

बाबांनी खिडकीतून पाहिलं.

२९ डिसेंबर

आठवडाभर धुकं. आज कागद सोडला, तर आतून पाण्याचे थेंब! हँडलवर आणि रिमवर गंजाचे ठिपके. मोजले, अकरा. माझ्या हाताने झाले. माझ्या गाठींनी!

गॅरेजवाले काका हसले. "अगं डॉक्टरीणबाई, गाडीला थंडी नाही वाजत, घाम येतो. प्लास्टिक काढ. जुनी सुती चादर टाक, वारा खेळू दे."

बारीक तारेच्या गुंडीने ठिपके घासले, तेलाचा हात दिला. दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अकरा? नावं ठेवलीस का त्यांची?" मग, "आई कशी आहे?" बाबांचं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मीटर: ३१,४०७.

११ जानेवारी

पेट्रोल चार बोटं खाली! गळ्यापर्यंत होतं, मी बघितलं होतं. गळती नाही, पुठ्ठ्यावर वास नाही. झाकणाचं कुलूप शाबूत. चोर!

१२ जानेवारी

वरच्या मजल्यावरचे मास्तर जिन्यात भेटले. मी हसले नाही. त्यांच्याकडे स्कूटर आहे.

१३ जानेवारी

मास्तरांची स्कूटर सहा महिने बंद पडलीय, आई म्हणाली. उद्या त्यांच्याकडे बघून दोनदा हसायचं.

१८ जानेवारी

पुठ्ठ्यावर तपकिरी डाग. सायलेन्सरच्या तोंडातून गढूळ पाणी ठिबकतंय. बोट घातलं, विटकरी झालं.

काकांना बोट तसंच दाखवलं. म्हणाले, "कुणीतरी रोज जरा जरा चालू करून बंद करतंय. इंजिन धड तापत नाही. धुरातलं पाणी आतच बसतं, मग सायलेन्सर आतून खातं. असलं लाडावणं गाडीला मानवत नाही बघ."

"पण मी तर हातसुद्धा लावत नाही किल्लीला!"

"मग घरात बघ, बाई. चोर काय पाच मिनिटं इंजिन ऐकून घरी जातो?"

२२ जानेवारी

डबा विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले.

फाटकातूनच आवाज आला. बाबा उपड्या बादलीवर बसलेले, कानाला मफलर, एक हात अॅक्सिलरेटरवर. गाडीवर बसले नव्हते. शेजारी बसले होते, आजारी माणसाशेजारी बसतात तसे. वर खिडकीत आई.

मी भिंतीआड उभी राहिले. बाबांनी गाडी बंद केली, चादर घातली, कोपरे माझ्यासारखेच दुमडले. घड्याळ बघितलं आणि आत गेले.

मी डबा न घेताच दुकानात गेले.

संध्याकाळी आईला विचारलं. "रोज, तू गेलीस की," ती म्हणाली. "बॅटरी बसेल म्हणतात."

"भंगारात द्यायच्या गाडीची?"

"तूच विचार त्यांना! माझी नाही छाती." मग कांद्याची सालं उगाच गोळा करत, "मला बाई बरं वाटतं. आवाज आला की वाटतं, आला पोरगा."

३० जानेवारी

सांगावं तर बाबांची चूक निघते, तीही गंजाच्या बाबतीत. त्यांची! शिवाय आईचा आवाज बंद होतो. न सांगावं तर सायलेन्सर जातो, आणि दादाला दिलेला शब्दही. आठ दिवस हेच दळण. दुकानात आज एका आजोबांना आजींचा चष्मा दिला. त्यांना आवडला, ते वेगळं.

२ फेब्रुवारी

सांगितलं.

जेवताना, घास तोंडात असतानाच मी म्हणाले, "गॅरेजवाले काका म्हणतात, रोज थोडा वेळ चालू केली तर गाडी आतून गंजते."

"बाहेरून दिसतं?" बाबांनी विचारलं.

"नाही. अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळाली, चांगली तापली, तरच आतलं पाणी जातं."

बाबांनी पाण्याचा पेला फिरवला. "पुलाचंही तेच. वरून चकचकीत, आत पाणी. म्हणून ठोकून बघायचं असतं." मग ताटाकडे बघत, "कोण चालू करतं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "माहीत नाही."

दुसरं खोटं! मग जे सुरू झालं ते मला थांबवताच आलं नाही. मी म्हणाले, "माहीत आहे. तुम्ही करता. आणि बाबा, दादाला उंचीचं भय आहे. तेव्हा तुम्ही विचारलंत, मी खोटं बोलले. तुम्हाला 'नाही' म्हणायची त्याची छाती झाली नाही. रोज सकाळी चढायच्या आधी तो खांबाआड जाऊन ओकायचा."

आई म्हणाली, "अगं..." आणि थांबली.

"रोज?"

"रोज."

"तीन महिने?"

"हो."

बाबांचा हात ताटातच वाळला.

"आणि तरी चढायचा," ते म्हणाले. मला विचारत नव्हते.

९ फेब्रुवारी

गाडीचा आवाज बंद. आई म्हणते, "घर बहिरं झालंय." बाबा माझ्याशी बोलतात, पण मोजकं. मीठ दे. दिवा घालव. रागावले असते तर बरं झालं असतं.

काल मी चिमटा घेऊन सायलेन्सरच्या तोंडातला सुटा गंज काढत होते. बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "जोर लावू नको. सुटतंय तेवढंच काढ." गेले.

१८ फेब्रुवारी

दोन दिवस धो धो पाऊस. रस्त्यावरचं मीठ वाहून गेलं, ऊन पडलं. थंडी संपली.

संपू नये असं वाटत होतं.

बाबांनी विचारलं, "टायरांत हवा किती?" मी सांगितली. "चेन?" तीही सांगितली. का विचारता, एवढं विचारायला मात्र जीभ उचलली नाही. भंगारवाला वजनावर घेतो, त्याला हवा कशाला हवी? की जाताना ढकलायला सोपी पडावी म्हणून?

२३ फेब्रुवारी, दुपार

गाडी नाही.

चादर चार घड्या घालून फळीवर ठेवलेली. पुठ्ठा कोरडा. खिळ्याला किल्ली नाही.

आई म्हणते, "उजाडता उजाडता गेले. दोन स्वेटर घातले. मला म्हणाले, निज तू." त्यांनी गाडी चालवून दहा वर्षं झाली!

मी भंगारवाल्याकडे धावत गेले. रविवार, फाटकाला कुलूप. फटीतून पाहिलं. आत एक मोटरसायकल आडवी पडलेली दिसली, पण लाल होती. आपली काळी. आवाराची दुसरी बाजू दिसत नव्हती.

दादाला फोन लावला. उचलत नाही. काय सांगणार होते? बहात्तर तारा पुसल्या, एकही गंजली नाही, आणि गाडीच नाही.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ

बाबा सातच्या बसने आले. हातात माळ्यावरचं त्यांचं जुनं हेल्मेट, दुसऱ्या हातात गरम पाव. आईपुढे धरला. म्हणाले, "तुझ्या लेकाने भाजलाय."

माझ्या फोनवर दादाचा मेसेज. नुसता आकडा.

३१,५१५.