पहिल्या रांगेतली खुर्ची

मी, मडिवाळप्पा बसप्पा कोनापुरे, वय ७९, धंदा पूर्वी धान्याची आडत, आता नुसती बडबड, राहणार शुक्रवार पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ती नाही असं माझा नातू बसवेश मानतो, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकणारी एकच बाई होती, माझी बायको नागव्वा, आणि ती माझ्या आधी गेली. यापूर्वी रागाच्या भरात मी एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात माझं नाटक माझ्यासोबत पुरावं असं लिहिलं होतं. ते या लेखाने रद्द समजावं.

कलम १. राहतं घर माझ्या स्वकष्टाचं आहे, ते मुलगा गुरु याला द्यावं. गच्चीवरची खोली मात्र त्याची मुलगी शिवानी हिला तालमीसाठी, ती म्हणेल तोवर, मोकळी ठेवावी. गुरु, तिथं ज्वारीची पोती रचू नकोस. तुला मी चांगला ओळखतो.

कलम २. बँकेतल्या ठेवी बसवेश आणि शिवानी या दोघा भावंडांना निम्म्या निम्म्या. दुकानातला पितळी तराजू बसवेशला. तो पॉलिश करून शोभेला ठेवील, हे मला माहीत आहे. ठेव बाबा.

कलम ३. आता मुद्द्याचं. सन १९८१ मध्ये मी ‘नळाला हार’ हे नाटक लिहिलं. गावात नळ बसतो, उद्घाटनाला पाहुणे येतात, हार होतात, भाषणं होतात, पाणी तेवढं येत नाही. शेवटी सगळे मिळून कोरड्या नळालाच हार घालतात. या नाटकाचे सर्व हक्क मी शिवानीला देतो.

बसवेश म्हणतो, “अज्जा, नाटक लई जुनं झालंय की. मोबाइल टाकू, सेल्फी टाकू, मग पब्लिक येईल.” टाक की, माझं काय जातंय! पण त्यात ट्रंककॉलचा प्रवेश आहे. साहेबांचा फोन आला की ग्रामसेवक ताडकन उठतो, टोपी सारखी करतो आणि उभ्यानं “व्हय साहेब, व्हय साहेब” करत राहतो. गेल्या महिन्यात शिवानीनं गच्चीवर तालीम घेतली. ट्रंककॉल म्हणजे काय, हे तिच्या मैत्रिणींना सांगावं लागलं. तो माणूस उठून का उभा राहिला, हे सांगावं लागलं नाही. पोरी पोट धरून हसत होत्या, आणि त्याच वेळी, बसवेश, तू जिन्यात कंपनीतल्या साहेबाशी मोबाइलवर बोलत होतास. उभा राहून. शर्टाची कॉलर नीट करत. मी वरून बघत होतो. आता सांग, जुनं काय झालं?

कलम ४. हक्कांना एक अट आहे. या नाटकात पाहुण्यांची खुर्ची नेपथ्यात नसते. पहिला अंक संपला की दोन नट खाली उतरतात, पहिल्या रांगेत मधोमध बसलेल्या मोठ्या माणसाला हात जोडून उठवतात आणि त्याची खुर्ची रंगमंचावर नेतात. त्यानं उरलेलं नाटक उभ्यानं बघायचं.

ही युक्ती माझी नाही. दुधनीच्या पहिल्या प्रयोगाला खुर्ची ट्रकमध्ये चढवायचीच राहिली. पाहुण्याचं काम करणारा माझा जिवलग मित्र मल्लिनाथ थेट खाली उतरला आणि नगराध्यक्षांची खुर्ची उचलून घेऊन आला. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी! तेव्हापासून तीच रीत पडली.

पुढे मल्लिनाथ राजकारणात शिरला, निवडून आला. सन २००९ च्या प्रयोगाला तोच प्रमुख पाहुणा. पोरं खुर्ची मागायला गेली, तर हा गडी खुर्चीचे हात घट्ट धरून बसला. “अरे, युक्ती माझीच हाय, माझी कशाला उचलता?” शेवटी पडदा पाडला. त्यानंतर नाटक झालं नाही, आणि आमचं बोलणंही झालं नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता, अजून आहे. पण नाटकातलंच माणसानं समोर करून दाखवलं, याहून मोठी दाद मला कुणी दिली नाही, हेही खरं.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकली की शिवानीचा प्रयोग आहे. मंडळी तिला सांगतायत, भाड्यानं सिंहासन आणू, पाहुणे रागावतील. रागावू देत! खुर्ची दरवेळी आजची असते, म्हणून नाटक आजचं होतं. सिंहासन आणलंत तर नुसता जुना विनोद उरेल. खुर्ची पहिल्या रांगेतून उचलायची धमक नसेल, तर हे नाटक करू नये. शिवानी, तुझ्यात ती आहे. मी बघितलीय.

कलम ५. मी तोवर नसलो, तर लोक हौसेनं माझा हार घातलेला फोटो पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर ठेवतील. तीच खुर्ची न्यावी. फोटो खाली जमिनीवर टेकवावा. लेखकाला सूट नाही.

कलम ६. मल्लिनाथला मी काहीही देत नाही, कारण मला तो साक्षीदार हवा आहे, आणि साक्षीदाराला मिळकतीत काही ठेवू नये असं वकील म्हणतात. त्यांनी दुसरा माणूस सुचवला. म्हटलं, सही करील तर हाच, नाहीतर थांबू. शिवानी निरोप घेऊन त्याच्याकडे गेली आहे. बघू येतो का.

सोलापूर, दि. ९ नोव्हेंबर २०२५
(सही) मडिवाळप्पा बसप्पा कोनापुरे

साक्षीदार १. (सही) डॉ. सुकन्या शहाजी माने
यांनी माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीत आहेत. तपासताना मलाच दोनदा रागावले.

साक्षीदार २. (सही) मल्लिनाथ शिवलिंगप्पा हत्तुरे
मडिवाळ, सगळं वाचलं. तुझ्यासमोर सही केली, तू तोंड फिरवून बसला होतास तरी. पोरीला तुझा फोटो खाली ठेवायला लावू नगंस. मधल्या खुर्चीवर मीच बसतो, तिला म्हणावं, माझी उचल. आन् मरायची घाई करू नगंस. तूबी ये की. दोघं उभ्यानं बघू.