फादर आन्सेल्म यांची चालू नेमणूक

सरदारपूर, फाल्गुन वद्य पंचमी, सन १९०७

तीर्थरूप भावोजी चिंतामणराव यांचे चरणी नीलकंठाचे दंडवत. ताईचा गुडघा मालिशीने नरमला असेल आणि देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या शिधाकोठीतली आपली दुपारची डुलकी पूर्ववत चालू असेल, अशी खात्री बाळगतो. इकडे मालन खुशाल. मी आहे, इतकेच.

आपल्याच शिफारशीने मी येथील किरिस्तावांच्या मिशनात कारकून झालो. काम सोपे: पुढल्या सालाचे अंदाजपत्रक करून बिशपसाहेबांकडे मंजुरीस धाडायचे. गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात येथले म्हातारे फादर आन्सेल्म तापाने वारले. (देवमाणूस. मराठीत शिव्या देत, पण व्याकरणशुद्ध.) आता मी पडलो दरबारी नोकरीत मुरलेला. माणूस गेला म्हणून त्याची नेमणूक, म्हणजे बांधून दिलेला शिधा, लगेच तोडायची, हे आपल्या लोकांना ठाऊकच नाही. वारस ठरेपर्यंत ती मयताच्या नावे चालायचीच. मीही चालू ठेवली: चहा, दिव्याचे तेल, तंबाखू. पाद्र्याला वारस नसतो हे ध्यानातच आले नाही! बिशपसाहेबांनी न वाचता सही ठोकली (मोठी माणसे सगळीकडे सारखीच), आणि जिन्नस फादरांच्या बंद खोलीत जाऊन पडू लागले.

इथवर ठीक होते. पण भावोजी, जिन्नस संपू लागले.

मला अर्थातच खानसाम्याचा संशय आला. त्याने क्रूस हातात धरून शपथ घेतली, "बाबूजी, म्हने तो हाथ भी नी लगायो," आणि बदनावरला सासुरवाडीस गेला तो परतलाच नाही. मग मी खोलीला स्वतःचे कुलूप घातले. भर दुपारी आतून खोकला आला. ओळखीचा. दाराशी उभा राहून मी अदबीने तेलाचा हिशेब विचारला, कारण दुसरे काही सुचेना.  आत पेल्यात चमचा फिरला.

घाबरून यंदाच्या अंदाजपत्रकात मी त्या नेमणुकीवर काट मारली. म्हटले, सुंठीवाचून खोकला गेला. तो गेला नाही, माझ्या घरी आला. हल्ली माझा चहा मी तोंडाला लावण्याआधीच निम्मा होतो. मालन विचारते, "ओसरीवर ते म्हातारेबाबा कधीचे बसलेत, चार घास वाढू का?" मला ओसरीवर कोणीच दिसत नाही. तिला आठवा लागला आहे, भावोजी. ते कोण, हे तिला कळले तर काय होईल, याचीच मला भीती. तरी काळजी नसावी. ताईस नमस्कार.

आपला,
नीलकंठ

ता. क. एक बारीकसे काम आहे: फादरांची नेमणूक तुमच्या कोठीवर चढवून घ्यावी. तुमच्या देवासात सगळेच दोन: दोन पाती, दोन महाराज, दोन कचेऱ्या, दोन कोठ्या. थोरल्या पातीला वाटेल धाकटी देते, धाकटीला वाटेल थोरली. एवढ्यात एका मयताची चहा-तंबाखू सहज खपेल. जन्मभर. (शब्द चुकला, समजून घ्यावे.)

ता. क. दुसरा. या पत्राला तिकीट लावलेले नाही. वर आपला पत्ता घालून ओसरीवर ठेवणार आहे आणि आत जाऊन दार लावून घेणार आहे. आपण हे वाचीत असाल, तर मागे न पाहता आधी चहाचे आधण ठेवायला सांगावे.