कोर्टाची दोन रिळं

१५ जाने. ८२, शुक्रवार
टॉकीजला नवीन पिक्चर लागलं. पोरीवर जबरदस्ती होते, मग ती कोर्टात उभी राहते, अशी ष्टोरी. रिळांची पेटी आली तसे शेठ मशीनच्या केबिनमध्ये चढले. म्हणाले, "कोर्टाची दोन रिळं लावूच नको. भाषणं ऐकायला कोण येतंय? एक शो जास्त बसेल." काढली. आता घरचे तिच्या तोंडावर दार लावतात, तिथून थेट 'समाप्त'. ऑपरेटरनं मशीन चालवायचं, अक्कल नाही.

१७ जाने.
हाऊसफुल. 'त्या' सीनला शिट्ट्या, खुर्च्या बडवणं, "फिर से! फिर से!" शेठचा खालून निरोप, दाखव परत. रीळ गुंडाळून परत लावलं. दोनदा. घरी कुंदानं विचारलं, पिक्चर कसंय? म्हटलं, बायकांनी बघण्यासारखं नाही. जेवताना मान वर करवेना.

२० जाने., बुधवार
लेडीज शो. कुंदाच्या माहेरची शेजारीण, शेलार गावची शेवंताबाई, लेकीला घेऊन आलेली. लेक म्हणजे मंजू. यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची, तिथल्या मुकादमानं... पुढचं लिहवत नाही. केस चालू आहे. सोमवारी तिची साक्ष.
शो सुटल्यावर शेवंताबाई जिन्याशी उभी.
"भाऊ, रिक्षावाला तर भोंग्यातून वरडत व्हता, पोरगी कोर्टात बोलते म्हनून. त्याच्यासाठीच हिला आनली. कुठं बोलली ती?"
मी म्हटलं, "एवढंच हाय पिक्चर, मावशी."
एवढंच! आणि वर माझ्या स्टुलाखाली डब्यात दोन रिळं. जीभ कशी झडली नाही माझी?
मंजू भिंतीला टेकून उभी. रडतही नव्हती.

२२ जाने.
शेठच्या पाया पडलो. सकाळी टॉकीज रिकामी असताना त्या दोघींनाच दाखवतो म्हटलं. "येडा झाला काय? पेटी गेली पडघ्याच्या टॉकीजला." गेली होती. रिळांसकट. परवाच बोललो असतो तर... पण परवा नोकरीची भीती.

२५ जाने., सोमवार
मंजू कोर्टात गेलीच नाही. कुंदा सांगत होती. "मंजू म्हणते, बोलून काय होतं, सगळे दारच लावतात." हलकट आहे मी.

९ ऑगस्ट ८६
या वर्षातलं चौथं तसलंच पिक्चर. पोस्टरवर तोच फाटका पदर. पेटी घेऊन आलेला माणूस खूश, "उसी पिक्चर ने रास्ता दिखाया, भाई." पेटीत कोर्टाचं रीळ शोधलं. नाहीच. आता काढावं लागत नाही, कोणी शूटिंगच करत नाही. कुठल्या रिळाला शिट्टी पडते हे शेठ पिक्चर बनवणाऱ्यांना फोनवर कळवायचे. शेठना कोण सांगायचं? मीच की.

५ एप्रिल ८८
मंजूला परत समन्स. उद्या साक्ष. सहा वर्षं नुसत्या तारखा. दुपारी शेलारला गेलो. मंजू अंगणात गोधडी शिवत होती. सांगून टाकलं. रिळं होती, मी काढली, वर खोटं बोललो. शेवंताबाई ऐकून उठली, घरात गेली. तोंडावर थुंकली असती तर बरं वाटलं असतं.
मंजूचा हात थांबला.
"म्हंजे, बोलली ती?"
"हो."
"काय बोलली?"
मला माहीत नाही. ती रिळं मी कधी लावलीच नव्हती, साधी बघितलीही नव्हती. तेही सांगितलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.
ती परत टाके घालू लागली. मी चपला घातल्या तेव्हा मान वर न करता म्हणाली, "कोर्ट किती वाजता उघडतं?"
अकराला, म्हटलं.
मॅटिनीला येत नाही म्हणून शेठला कळवलंय. कोर्टाच्या फाटकाशी उभा राहणार. मला बघून ती मागे फिरली तर? लांबच, समोरच्या वडापाशी थांबावं.