संग्रामच्या हातावर दही

चि. प्रेमा, फरवानियाहून आईचा हात तुझ्या डोक्यावर.

मागच्या पार्सलात डब्याचं झाकण पाठवलंस आणि डबा विसरलीस. सूनबाई नेहा हे लिहितेय आणि हसतेय. जावईबापूंचा गुडघा कसा आहे?

तुझा भाऊ संग्राम बरा आहे. इथल्या अम्गरा भागातल्या भंगारवखारीतून चोरलेली तांब्याची तार त्याने स्वतःच परत नेऊन दिली. तरी खटला उभा राहिलाच. कोर्टात हा म्हणाला, "मला फौजेत पाठवा, तिथे पाप फेडतो." इथली फौज आपल्यासारख्या परदेशी माणसांना घेत नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

आता एक एजंट घरी येतो. दुसऱ्या देशाच्या लढाईत वर्षभर राहिलास तर कोर्ट दया करील, म्हणतो. कोर्टाचा हा कोण लागतो, कोण जाणे. बोलतो मात्र गोड. काल त्याने विचारलं, "मागे वारस कोण?" नेहाने त्याच्या पुढचा चहा उचलून नेला.

शुक्रवारी त्या लढाईवर निघताना हातावर दही घाल, म्हणून संग्राम मागे लागलाय. माझ्या हातचं दही घेतल्याशिवाय तो प्रवासाला निघत नाही, आणि दुकानातलं त्याला चालत नाही. म्हणून मी विरजण लावणंच बंद केलंय.

तू कुळथाचं पीठ पाठव. थोडंथोडकं नको, त्याला इथे वर्षभर पुरेल एवढं पाठव.

तुझी आई