डावा पाय नेमका कुठे असतो

४ फेब्रुवारी

गुडघ्याच्या ऑपरेशनला सहा महिने झाले. सर्जन म्हणाले, लिगामेंट झकास बसलंय. बसणारच! एप्रिलमध्ये नाट्यगृहाचं छत रंगवायचंय, आणि ते मीच रंगवणार. एकोणीस वर्षं शिडीवर काढलीत, आता काय जमिनीवरून डबे ढवळत बसू?

धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, तू खालून सांग, मी चढतो." वा रे वा! यानेच शिडी सोडली म्हणून मी पडले, आणि आता हा चढणार! तोंडावर सुनावलं तसं. ब्रश धुवायला निघून गेला. जाऊ दे.

१० फेब्रुवारी

व्यायाम शिकवणारी पोरगी माझ्या मुलीच्या वयाची, पण तोरा असा की मी तिचं नाव मास्तरीणच ठेवलंय. आज डोळे मिटायला लावले. उजवा गुडघा तिने थोडा वाकवून धरला. "आता डावा तेवढाच वाकवा." वाकवला. तंतोतंत! डोळे उघडले तर चांगला वीतभर फरक.

मी म्हटलं, तुझी खाटच वाकडी आहे.

हसली. म्हणे लिगामेंट नुसती दोरी नसते. पाय कुठे आहे, किती वाकलाय, याची खबरही तेच मेंदूला देतं. दोरी नवी घातली तरी खबर लगेच सुरू होत नाही. तोवर डोळे सांभाळून घेतात, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही.

माझा पाय, आणि मलाच माहीत नाही होय! काहीतरीच.

२२ फेब्रुवारी

आज पैकीच्या पैकी. पापण्यांच्या फटीतून बघितलं. थोडी लाज वाटली. फार नाही.

६ मार्च

घरी उशीवर डाव्या पायावर उभी राहिले, डोळे मिटून. मिस्टर म्हणाले, "कपाट धरू नकोस, तेही पडेल." अकरा सेकंद. हे मात्र खरे, फटीतून न बघता.

२० मार्च

सतरा! डोळे घट्ट मिटून. छत माझंच.

२ एप्रिल

नाट्यगृह. धाकट्याने शिडी धरली. धर म्हटलं, पण या वेळी नीट धर. पायांकडे बघत चढले, काही झालं नाही. मान वर केली, छताला रोलर लावला आणि न बघताच एक पायरी वर गेले – शिडी हलली!

ओरडले, "सोडलीस ना परत!"

खालून आवाज आला, "ताई, पाय बघ."

बघितलं. त्याचे दोन्ही हात शिडीला, एक पाय खालच्या पायरीवर रोवलेला. आणि माझा डावा पाय? जेमतेम बोटं टेकलेली, बाकी सगळा हवेत. मी तर शपथेवर सांगितलं असतं की पाय नीट पायरीवर आहे.

खाली उतरले. रोलर त्याच्या हातात दिला. आजचं छत त्यानेच रंगवलं. बरं रंगवलं.

३ एप्रिल

मास्तरणीला सगळं सांगून टाकलं, पापण्यांचंसुद्धा. रागावली नाही. ऑपरेशनचे कागद काढून शांतपणे वाचत बसली. मग विचारलं, "शिडीवरून पडायच्या आधी कधी गुडघा मुरगळला होता? लिगामेंट आधीच बरंचसं फाटलेलं होतं, असं लिहिलंय इथे."

मुरगळला होता. त्याच्या वर्षभर आधी, रंगाचे डबे घेऊन टेम्पोतून उडी मारताना. सूज उतरली तशी पट्टी बांधून चौथ्या दिवशी कामावर! केवढी फुशारकी मारली होती त्याची.

"म्हणजे पडले तेव्हासुद्धा पाय मला खोटंच सांगत होता?"

"असू शकतं," म्हणाली.

घरी येऊन चहा केला. प्यायलेच नाही. पडले त्या दिवशीही मी वरच बघत होते. शिडी हलल्यासारखं अगदी असंच वाटलं होतं. आणि आठ-नऊ महिने मी भेटेल त्याला सांगत सुटलेय, भावाने शिडी सोडली म्हणून. त्याच्या बायकोलासुद्धा.

४ एप्रिल

धाकट्याकडे गेले. उभ्या उभ्याच म्हटलं, "तू शिडी सोडली नव्हतीस. माझाच पाय चुकला होता." त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाला, "ताई, तुझं ऐकून ऐकून मलाही आता आठवायला लागलं होतं, शिडी सोडल्याचं."