एकोणीस दारं

सोमवार, ४ मार्च

पोचले एकदाची. हॉटेल रविवारी उघडणार, आणि तोवर त्यातली तिसऱ्या मजल्यावरची खोली माझी! सासूबाई म्हणाल्या होत्या, पाट्या रंगवणाऱ्या सुनेला पाहुणीसारखं ठेवणारं हे जगातलं पहिलंच गिऱ्हाईक असेल. खरंय. आजवर शिडीवर उभं राहून दुकानांच्या पाट्या रंगवल्या, डोक्यावर ऊन आणि खाली हॉर्न. इथे काम काय, तर एकोणीस खोल्यांच्या दारांवर आकडे काढायचे. छापील नकोत, कुंचल्यानेच हवेत.

खोलीत वस्तू मोजक्या, पण एकेक अशी की आपलेच हात मळके वाटावेत. भिंती ओल्या मातीच्या रंगाच्या. पलंगाला पाय दिसतच नाहीत. नळाच्या जागी नुसती पितळेची पट्टी. पाणी कसं सोडायचं हे कळायला दहा मिनिटं गेली. खिडकी म्हणजे अख्खी काच, उघडत नाही.

मालक स्वतःच आर्किटेक्ट. चाळिशीचा, हळू बोलणारा. राखाडी रंगाच्या तीन छटांवर तो माझ्याशी तासभर बोलला. माझ्या कामाबद्दल इतक्या आस्थेने आजवर कुणी बोललं नव्हतं. चाव्या, चादरी, स्वयंपाक हे सगळं त्याची थोरली बहीण बघते. तिला सगळे ताईच म्हणतात. उद्घाटनाआधी फोटो बाहेर जायला नकोत म्हणून तिने हसतहसत माझा फोन काउंटरच्या कपाटात ठेवून घेतला. शनिवारपर्यंत फोन येणार नाही, हे मी त्याआधी घरी कळवून टाकलं.

मंगळवार, ५ मार्च

पाच दारं झाली. सुतारकाकांशी गट्टी जमली. साठीचे आहेत, कानामागे पेन्सिल, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मालकाचं नाव त्यांनी ‘ओळंबा’ ठेवलंय. त्याच्या खिशात कायम दोरीला बांधलेला पितळी ओळंबा असतो. चांगलं अर्ध्या किलोचं ते टोकदार वजन. भिंत दिसली की सरळ आहे का, हे तो ते सोडून बघतो. काका म्हणाले, “माणूस दिसला तरी सोडून बघेल, पोरी. ताठ उभी राहा.” मी हसून हसून बेजार.

दुपारी ताईंनी एकच टॉवेल नऊ वेळा उलगडून पुन्हा घडी केली. मी मोजलं, आणि मग मोजल्याची मलाच लाज वाटली. मीही चार हा आकडा तीनदा पुसलाच की.

बुधवार, ६ मार्च

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

सातव्या खोलीचं दार एका सुताने कललेलं निघालं. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग! मालकाने ओळंबा लावून बघितला, मग काकांना जवळ बोलावलं आणि म्हणाला, हात ठेवून बघा, कळतंय का. काकांनी चौकटीत बोटं ठेवली. त्याने दार ओढून घेतलं.

एकदा नाही. तीनदा.

तो आवाज अजून कानात आहे. काका खाली बसले तेव्हा त्यांची दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती. मी किंचाळले, धावले. त्याने दारावर उडालेलं रक्त रुमालाने टिपलं आणि मला म्हणाला, “तुमचा चार फार सुंदर आलाय.”

ताईंनी काकांना खाली नेलं. ड्रायव्हर काकांना दवाखान्यात घेऊन गेला, असं ताईंनी मागाहून सांगितलं.

गुरुवार, ७ मार्च

मला जायचंय, फोन द्या, म्हणून सकाळी ताईंकडे गेले. त्या उशांच्या खोळींना इस्त्री करत होत्या. मान वर न करता त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणी भावाने ठोकळ्यांचं घर बांधलं होतं आणि त्यांचा पाय त्यावर पडला. नऊ वर्षांचा होता तो. त्याने पेन्सिल घेऊन त्यांच्या डाव्या कानात खुपसली. त्या कानाने त्यांना आजही ऐकू येत नाही.

मी म्हणाले, मग तुम्ही इथे राहता कशाला?

“घर मोडलं तर मीच होतं ना,” त्या म्हणाल्या. “चूक माझीच.”

फोनच्या कपाटाची चावी भावाकडे आहे म्हणाल्या. पुढचं दार त्याच्याच कार्डाने उघडतं. शनिवारी काम संपलं की तो स्वतः सोडायला येईल. उरलीत सात दारं. मी रंग कालवला. दुसरं काय करणार होते?

शुक्रवार, ८ मार्च

दुपारी बाकीच्या कामगारांना रजा दिली. मी घोळक्यात घुसून बाहेर पडायला बघितलं, तर मालकाने दंड धरला. अगदी हलका. तुमचं काम राहिलंय, म्हणाला. कामगारांनी बघितलं आणि माना खाली घातल्या.

संध्याकाळी एकोणिसाव्या दारावर एकचा आकडा काढत होते. आतून खरवडल्यासारखा आवाज आला. कान लावला. “पोरी,” असं कुणीतरी म्हणालं.

काका दवाखान्यात गेलेच नव्हते.

शनिवार, ९ मार्च, सकाळ

इस्त्रीच्या टेबलावरून ताईंचं खोल्या उघडायचं कार्ड उचललं. एकोणीस उघडली. काका पलंगाखाली पडलेले. पोलिसांत जाईन म्हणाले होते, म्हणून मालकाने ओळंबा टॉवेलमध्ये गुंडाळून दोन्ही गुडघे फोडलेत. पाय सुजून पोत्यासारखे झालेत. मला बघून म्हणाले, ताठ उभं राहता येईना, म्हणून मार खाल्ला. आणि हसले. हसता हसता शुद्ध गेली.

त्यांना पलंगावर घेतलं. पुढचं दार या कार्डाने उघडत नाही, बघून आले. परत येताना जिन्यात मालक दिसला. मी धावले. एकोणीसमध्ये शिरून आतून कडी घातली.

दुपार

तो दार फोडतोय. हातोडी आहे. मध्येच थांबून माझ्याशी बोलतो — आकडा खराब होतोय, उघडा — मग पुन्हा घाव. वरची फळी तडकली. फटीतून हात आत आला. माझ्याकडे रंग खरवडायची सुरी होती. मारली. तळहातातून आरपार गेली. तो ओरडलासुद्धा नाही — हात ओढून घेतला, सुरीसकट —

आता माझ्याकडे काही नाही.

काकांचं अंग तापलंय. पाणी मागतात.

नंतर

बाहेर झटापट. काहीतरी जड आपटलं. पुन्हा. पुन्हा. मोजणं सोडून दिलं. मग शांत.

ताईंचा आवाज — “मी आहे. तो पडलाय. उघड.”

काका नको नको म्हणून मान हलवतायत. फटीतून बघितलं. त्या एकट्याच. हातात दिव्याचा पितळी खांब, त्याला केस चिकटलेले. मागे तो जिन्यावर पालथा. डोकं — नाही लिहिता येत.

कडी काढली. त्यांनी मला पोटाशी धरलं. दोघी रडलो. त्यांच्याकडे त्याचं कार्ड आहे! मी म्हटलं, चला, काकांना उचलू, रुग्णवाहिका बोलावू.

हो म्हणाल्या. डोळे पुसले. मग खोलीभर बघत राहिल्या. फुटलेलं दार. चादरीवर डाग. काका.

“उद्या पाहुणे येतील,” म्हणाल्या. “याने केवढा राडा करून ठेवला.”

मी म्हटलं, ताई, कार्ड द्या.

त्यांनी उशी उचलली, थोपटून सारखी केली. मग ती काकांच्या तोंडावर ठेवली, आणि वर सगळा भार — मी ओढलं, चावले, केस उपटले — हलतच नाहीत, एवढी ताकद कुठून — काकांचा हात पलंगावर दोनदा आपटला, मोडलेल्या बोटांचा —

आता हलत नाही.

त्यांनी उशीची खोळ काढून घडी घातली. नवी आणायला गेल्यात. जाताना दार बाहेरून बंद केलं, पण वरची फळी फुटलीय, माणूस निघेल एवढी — निघते मी — जिन्यावर त्याचा — कार्ड ताईंकडेच — तरी जाते, फोनच्या कपाटाची काच फोडेन, काहीही फो

पावलं. फळीतून त्यांचा डोळा. म्हणतायत हातपाय स्वच्छ धुऊन घे, आणि नव्या खोळीवर डोकं टेक, म्हणजे —