गोठ्याच्या भिंतीवरच्या तारखा

सूनबाई,

ठिपकी गाय विकली, तिला घेऊन टेम्पोबरोबर जातोय. ओळखीचं माणूस जवळ नसलं तर ती गाडीत चढत नाही. मुद्दाम तू कामावर असतानाच नेतोय. वासरू असल्यापासून बाटलीनं दूध पाजून तूच वाढवलंस तिला, तुझ्यादेखत दावं सोडायची माझी छाती झाली नसती.

तिची कालवड पंधरा दिवसांत विणार आणि गोठ्यात खुंटे सहाच, म्हणून तिला आईच्या जागी बांधलीय. सकाळपासून गव्हाण नुसती हुंगतेय, वैरणीला तोंड लावत नाही. आल्यावर जरा हातानं चारून बघ.

एक बोलायचं राहिलंय. संकरित गाय, तीन वेतांत थकली, आता गाभण राहत नाही, असं मी गावभर सांगत सुटलो. पण दोष तिचा नव्हता. तिच्या माजाच्या तारखा तू कोळशानं भिंतीवर लिहायचीस. मी हौसेनं सफेदी केली आणि त्या पुसून टाकल्या. तुला विचारण्यात कमीपणा वाटला, म्हणून कृत्रिम रेतनासाठी डॉक्टरांना अंदाजपंचे दिवस सांगत राहिलो. वर्ष वाया गेलं, दूध आटलं. तुला सगळं कळत होतं, तरी तू चकार शब्द काढला नाहीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं गं.

चहा झाकून ठेवलाय, गरम करून घे. मी परत येताना चालत येईन, उशीर होईल.

कालवडीची विण्याची तारीख भिंतीवर लिहिलीय. अक्षर वाकडं आलंय, पण राहू दे. त्या भिंतीला आता मी हात लावणार नाही.

— आबा